छताचे अस्तर

आमच्या गाडीच्या छताचे कापड गेल्या आषाढात प्रथम सुटले, तेव्हा घरात कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मागच्या काचेजवळ चार बोटांचा एक फुगा आला होता, एवढेच. श्रावण संपेपर्यंत तो फुगा मधल्या दिव्यापर्यंत सरकला. आणि पितृपक्षात तर ते कापड मांडवाच्या झालरीसारखे मागे बसणाऱ्यांच्या डोक्यावर लोंबू लागले. चालविणाऱ्यास आरशातून मागचा रस्ता दिसेना. मुलांना मात्र त्याची मौज वाटे. गाडी खड्ड्यातून गेली की छत श्वास घेते, असे धाकटीचे म्हणणे होते.

आमचे बिऱ्हाड बदलापुरास. मामंजी, आत्याबाई, आम्ही दोघे, भाऊजी व जाऊबाई, आणि दोन्हीकडची मिळून तीन मुले अशी नऊ माणसे आणि गाडी एक. ही गाडी आत्याबाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून घेतली, त्यास आता सोळा वर्षे झाली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांकरिता नव्याने करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आहे. तेव्हा गतवर्षी कल्याणच्या परिवहन कार्यालयात ते पाच हजार भरताना भाऊजी म्हणालेच होते, "वहिनी, हे गाव घोडे बदलण्याचे, म्हणून बदलापूर असे सांगतात. आपणही आता बदलावे." मामंजी काही बोलले नाहीत. आत्याबाईही नाहीत. त्यामुळे पाच हजार भरले गेले.

छताच्या बाबतीत प्रथम घरगुती उपाय झाले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या चिरंजीवांनी इंजेक्शनच्या पिचकारीत पांढरा गोंद भरून कापडास जागोजागी टोचला. दोन दिवस छत शहाण्यासारखे वर राहिले. तिसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा खाली आले, आणि गोंदाचे पिवळट डाग तेवढे वर कायमचे उमटले. ह्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली. ती पट्टी कापडास इमानाने चिकटून राहिली व कापडाबरोबरच खाली आली. शेवटी मी शिवणाच्या डब्यातील टाचण्या लावल्या. त्या आठवडाभर टिकल्या. मग त्यांतील एक जाऊबाईंच्या मांडीवर पडली आणि तो प्रयोग मोठ्याने संपला.

हे असेच आणखी वर्षभर चालले असते. परंतु अश्विनात एके दिवशी आत्याबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणल्यावर मी त्यांची वेणी घालीत होते, तो त्यांच्या पांढऱ्या केसांत, भांगाच्या रेषेत, पिवळसर भुकटी दिसली. हळदीकुंकवाची म्हणावी तर त्या कुंकू लावीत नाहीत. बोटाने चोळली तर चिकट लागली. "ही कसली हो?" असे मी विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडीत पडते ती. म्हणून तर मी पदर घेते. तुम्हाला वाटतं, मला वारा लागतो."

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि शस्त्रक्रियेचा दिवस तुळशीच्या लग्नानंतरचा ठरला होता. पहिल्या दिवशी डोळ्यास पट्टी, दुसऱ्या दिवशी ती काढून तपासणी, नंतर आठवड्याने पुन्हा, आणि पुढे कित्येक दिवस डोळ्यात पाणी व धूळ जाऊ द्यायची नाही, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. रिक्षात धूळ, लोकलमध्ये रेटारेटी, म्हणून गाडीने न्यावयाचे; आणि गाडीत वरून ही भुकटी! ज्यांच्या पैशांची गाडी त्यांच्याच डोळ्यात तिने माती टाकावी, हे काही माझ्या मनास येईना. त्या चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपाशीत आल्या. आता वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचता येतात, बातमी ऐकावी लागते. डोळा गेला तर त्यांचे काय राहणार होते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना गाडीसह अंबरनाथास पिटाळले. तेथे गाड्यांची बैठक शिवणारे एक कारागीर आहेत. त्यांनी छत पाहिले, बोटाने दाबले आणि सात हजार सांगितले. रक्कम अवाजवी होती असे मी म्हणत नाही. दोन माणसांचे दोन दिवस त्यात जातात. परंतु शस्त्रक्रियेकरिता बाजूस काढलेल्या पैशांतून खर्चून आमच्याजवळ त्या महिन्यात अडीच हजारांपलीकडे शिल्लक नव्हती, आणि कर्ज काढून गाडीस अस्तर लावणे हे मामंजींच्या शिस्तीत बसत नाही.

परत येताना हे अंबरनाथाच्या शिवमंदिरात जाऊन आले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख त्या देवळात आहे. "मंडपाचं कोरीव दगडी छत हजार वर्षं जागच्या जागी," हे म्हणाले, "आणि आपलं सोळा वर्षांत गळ्यात!" त्यावर मामंजींनी आठवण दिली, की त्याच देवळात गर्भगृहावर मात्र शिखर पुरे नाही, तेथून आकाश दिसते; तेव्हा महादेवाला चालते ते तुम्हास का चालू नये? आमच्या घरी कोणताही प्रश्न असा देवळातून फिरून येतो.

तथापि मामंजींच्या बोलण्यातून एक उपयोगाची गोष्ट निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या पद्मिनी गाड्या त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून त्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत होत्या. त्या गाड्यांच्या छताला आतून तारांच्या कमानी असत, आणि त्यांवर कापड किंवा रेक्झिन तंबूसारखे ताणून कडेने पक्के केलेले असे. ते फाटे, मळे, परंतु असे सुटून लोंबत नसे. मग आमचेच का सुटले? मी शिवणकाम करणारी बाई. कापड का सुटले हे कळल्यावाचून त्यास हात लावणे मला जमत नाही. एका कोपऱ्यातून ते कापड सोडवून मी उलट करून पाहिले, आणि सारा उलगडा झाला.

हल्लीच्या गाड्यांत छताला आतून साच्यात दाबून घडविलेला एक मोठा पुठ्ठा असतो. त्यावर पातळ स्पंज, आणि स्पंजावर कापड. स्पंज व कापड आधीच एकमेकांस जोडलेले असतात. हा स्पंज पॉलियुरेथेन नावाच्या द्रव्याचा. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला आणि आता आपल्या गाद्या, खुर्च्या, पादत्राणे सर्वत्र तो शिरला आहे. मऊपणास त्याच्या तोड नाही, परंतु ऊन आणि दमट हवा ही त्याची दोन शत्रुस्थाने. ओलाव्याने त्याची घडण आतल्या आत तुटत जाते, उष्णतेने ते काम अधिक वेगाने होते, आणि काही वर्षांनी स्पंजाचे पीठ होते. बदलापुरास पावसाळ्याचे चार महिने उशीच्या अभ्र्यालाही वास येतो, आणि वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हवा पन्नास अंशांपलीकडे सहज जाते. वरचा पत्रा तर त्याहून तापतो. म्हणजे दोन्ही शत्रू आमच्या अंगणातच राहणारे.

तेव्हा कापड सुटले नव्हते, डिंकही सुटला नव्हता. दोघांच्या मधला स्पंज मेला होता. आणि आम्ही मूर्खांसारखे त्या पिठाला गोंद पाजीत होतो! पोळपाटावरील कणकेच्या भुरभुरीवर कागद चिकटवावा, तसे ते. आत्याबाईंच्या भांगातील भुकटी ती हीच. एवढे समजल्यावर काम दिसू लागले: पुठ्ठा बाहेर काढावयाचा, जुने पीठ शेवटच्या कणापर्यंत खरवडावयाचे, आणि नवे स्पंज लावलेले कापड डकवावयाचे. त्यात खर्च कमी आणि कष्ट फार. आणि कष्टास आमच्याकडे पैसे पडत नाहीत.

येथे मजकडून एक चूक झाली. उल्हासनगरास मी पहिल्या खेपेस एकटी गेले ती घाईत, आणि स्पंजाशिवायचे साधे राखाडी कापड घेऊन आले. मीटरला १६० रुपयांचे, सव्वादोन मीटर. स्पंजाचाच एवढा जाच झाला तर तो हवाच कशाला, असा माझा तर्क. जुन्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर नमुना लावून पाहिला तो डिंक कापडातून आरपार आला, आणि झाकणावरची प्रत्येक खोच वरून जशीच्या तशी दिसू लागली. पुठ्ठा खरवडल्यावर तो काही आरशासारखा गुळगुळीत राहत नाही. त्याची खडबड झाकण्यास आणि डिंक अडविण्यास तो तीन मिलिमीटरांचा स्पंज लागतोच. ३६० रुपये गेले. त्या कापडाचे पुढे मी सहा अभ्रे शिवले, म्हणून ते खर्चाच्या वहीत 'गाडी' या सदराखाली लिहू नये असे माझे म्हणणे होते, मामंजींनी लिहिलेच.

दुसऱ्या खेपेस मात्र दुकान विचारपूर्वक निवडले. उल्हासनगरची आमच्या बाजूस जरा थट्टाच होते. तेथील मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप असे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्याला तुटके जोडून वापरावयाचे आहे, त्याने त्या गावाची थट्टा करू नये. सोफ्याचे कापड, स्पंज, खिळे, डिंक, झिप, जुन्या गाडीच्या क्लिपा, सारे मैलभराच्या आत मिळते, आणि अर्धा मीटर मागितला तरी दुकानदार तोंड फिरवीत नाही.

मी गेले त्या दुकानात गल्ल्यावर एक वृद्ध सिंधी गृहस्थ होते. माझे राखाडी कापडाचे रामायण त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, छताला अस्तर नाही चालत, गादी पाहिजे." फळीवरून त्यांनी फिकट बिस्किटी रंगाचा तागा काढला, मागे स्पंज जोडलेला, पन्हा दीड मीटर, भाव ३६०. कापड ओढून कोणत्या अंगाने ताणते ते दाखविले, आणि ताणणारे अंग गाडीच्या रुंदीकडे ठेवा असे बजावले. गाडीचे छत घरीच करणारी बाई बहुधा त्यांनी पाहिली नव्हती. त्यांस कौतुक वाटले आणि ते बोलू लागले.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना येथल्या युद्धकाळातील लष्करी छावणीत आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले, हे आपण पुस्तकातून वाचतो. ह्या गृहस्थांचा जन्म त्या बराकीतला. एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. "आईने पडद्याला आतून जुनी साडी लावली होती," ते म्हणाले. "बाहेरून बारदान, आमच्या बाजूने फुलं. बाप म्हणायचा, पैसा नाही आणि फुलं कशाला? ती म्हणायची, मुलं झोपताना इकडेच बघतात." मग त्यांनी सव्वादोन मीटर मोजून वर एक वीत कापड सोडले, आणि डिंकाच्या दुकानाचा पत्ता कागदावर लिहून दिला. सोफेवाले वापरतात तो रबरी डिंक घ्या, पण उष्णता सोसणारा, असे विचारून घ्या. साधा घेतलात तर मे महिन्यात पुन्हा याल, असेही सांगितले.

आता पुठ्ठा काढण्याचे काम. ते एकट्याने होणारे नव्हे. पुठ्ठा गाडीएवढा रुंद आणि पापडासारखा ठिसूळ. एका टोकाने उचलला तर मध्ये मोडतो. हे त्या रविवारी कचेरीच्या कामात अडकलेले, मुलांवर भरवसा नाही. तेव्हा मी भाऊजींना हाक मारली. गाडी बदलावी असे ज्यांचे मत, त्यांच्याकडून तिला अस्तर लावून घेणे जरा अवघडच होते. ते आले, काही न बोलता पान्हा घेतला आणि कामास लागले. उन्हाच्या झडपा, चारी मुठी, छताचा दिवा, खांबांवरील आवरणे, दारांच्या कडेची रबरी पट्टी, सारे एकेक करून निघाले. भाऊजी प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवीत व वाटीखाली चिठ्ठी. मागच्या बैठका आडव्या केल्या आणि डिकीच्या दारातून आम्ही दोघांनी तो पुठ्ठा बाळंतिणीला हलवावे तसा बाहेर काढला. दोन क्लिपा तुटल्या.

(ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांस एक सांगून ठेवते. हल्ली कित्येक गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्या घडी करून बसविलेल्या असतात. तेथे घरच्या हौसेने हात घालू नये, टाचणी तर मुळीच लावू नये. ते काम जाणत्याचे. आमच्या गाडीस हा प्रकार नाही, म्हणूनच आम्ही धजलो.)

अंगणात दोन बाकांवर पुठ्ठा ठेवला, नाकास फडके बांधले आणि कपडे घासण्याचा ब्रश घेऊन बसले. कापड नुसते ओढताच आले. पीठ मात्र चार तास पुरले. जोर केला तर पुठ्ठ्याचे पापुद्रे निघतात, न केला तर पीठ राहते. जाऊबाई आल्या, मुले आली, प्रत्येकाने आपापला चौकोन घासला. भाऊजी पहिला तासभर गप्प होते. मग ब्रश झटकीत एकदम म्हणाले, "वहिनी, मला गाडी नको होती असं नाही. आत्या पुढच्या सीटवर बसून पदर घ्यायची, ते मला बघवत नव्हतं. मला कळलं होतं ते काय पडतं ते." मी म्हटले, "मग सांगायचे होतेत." ते म्हणाले, "सांगून काय, सात हजार कुठून आणणार होतो?" यापलीकडे त्या विषयावर आमचे बोलणे झाले नाही. अंगणातले झाड, वाळत घातलेली धोतरे, आमच्या भुवया, सारे पिवळे झाले होते.

डकविण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी, दव उडाल्यावर. त्यातली खुबी अशी की डिंक दोन्ही अंगांस लावावयाचा, पुठ्ठ्यासही आणि स्पंजासही, परंतु पातळ. आणि लगेच चिकटवावयाचे नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाची मागची बाजू लावून पाहावी. बोट ओढले जाते पण डिंकाची तार निघत नाही, अशी अवस्था आली की समजावे वेळ झाली. त्याआधी लावले तर स्पंज डिंक पिऊन कडक होतो. ह्या डिंकाचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो. म्हणून उघड्यावर, चुलीपासून व देवघराच्या समईपासून दूर. कापड मधोमध दुमडून आधी अर्धे लावले, मग अर्धे. मधून सुरुवात करून तळहाताने कडेकडे सारीत जावे, पोळीतला वारा काढावा तसे. झडपांसाठी पुठ्ठ्यात जे खळगे असतात तेथे कापड वरून ताणू नये, आत बोटांनी बसवावे. ताणले तर तेथूनच पुढे सुटते. हे मला अंबरनाथच्या कारागिरांनीच सांगितले. आम्ही काम त्यांना दिले नव्हते, तरी ह्यांनी फोन केल्यावर त्यांनी हातचे राखले नाही.

दिव्याजवळ एक सुरकुती पडली. एकदा टेकलेले कापड पुन्हा सोडवू गेले तर स्पंज फाटतो, म्हणून ती तशीच ठेवली. दिव्याची चौकट बसली की बोटभरच उरते; नव्या कापडावर ती कोणास दिसणार नाही, अशी मी माझी समजूत घातली. कडा चार बोटे जास्त ठेवून मागे वळविल्या, भोके पात्याने कापली, रात्रभर पुठ्ठा सावलीत वाळू दिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोघांनी उचलून आत बसविला. कापड ८१०, डिंक ३२०, ब्रश व पाते ९०, क्लिपा १२०, आणि मामंजींच्या वहीप्रमाणे माझ्या चुकीचे ३६०: एकूण १,७०० रुपये. भाऊजींच्या वाट्यांतून एक स्क्रू उरला. तो कोठला हे अद्याप कळलेले नाही, गाडी चालते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून, थेंब घालून, काळा चष्मा लावून त्यांना आम्ही गाडीत बसविले. मागे भाऊजी आणि मी. आत्याबाईंनी सवयीने पदर डोक्याकडे नेला, मग थांबल्या, हात खाली घेतला, आणि चष्मा किंचित वर करून छताकडे पाहू लागल्या. विठ्ठलवाडी गेले, उल्हासनगर गेले, तरी त्या पाहातच होत्या. अंबरनाथच्या अलीकडे त्यांनी मागे न वळता मला विचारले,

"अगं, दिव्यापाशी ही सुरकुती कसली राहिली?"